टक्क्यांचा आकडा फसवतो: ओले तापमान आणि हवेतले पाणी काढायची रीत

बदनापूर तालुक्यातल्या एका रेशीम उत्पादकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांचे रेशीम अळ्या वाढवायचे शेड ५० × २२ फूट, उंची १२ फूट. मे महिन्यातली बॅच घ्यायची की नाही हे ठरवायचे आहे. बातमीपत्रात कमाल तापमान ४२ अंश आणि आर्द्रता ४१ टक्के असे वाचून त्यांनी ते आकडे फोनवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकले, तर ओले तापमान (नुसते पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जिथपर्यंत थंड होते ते) ३०.५ आले. म्हणजे ८५ टक्के क्षमतेचा पॅड (कूलरची ओली जाळी, जिच्यातून हवा आत येते) लावला तरी हवा ३२ च्या खाली जाणार नाही. कूलरवाला मात्र २५ अंशांची हमी देतो. खरे कोण? हवेत पाणी नक्की किती असते, पॅडला किती लागेल, आणि हाच पॅड जुलैत चालेल का?

आधी निकाल सांगतो, मग आकडेमोड. दोघेही चुकले आहेत, पण कूलरवाला कमी चुकला आहे. मे महिन्यातल्या अशा दुपारी चांगल्या पॅडमधून हवा साधारण २६ अंशांनी बाहेर पडते. कॅल्क्युलेटरचा तसा मोठा दोष नाही. त्याला दिलेली जोडीच चुकीची होती.

वेधशाळा आर्द्रतेची नोंद सकाळी ८:३० ला आणि संध्याकाळी ५:३० ला देते. कमाल तापमान असते दुपारी तीनच्या आसपासचे. तुमचे ४१ टक्के सकाळचे आणि ४२ अंश दुपारचे. हे दोन आकडे एकाच हवेचे नाहीतच. सकाळी साडेआठला हवा २९ अंशांवर असेल तर तिच्यातले जे पाणी ४१ टक्के दिसते, तेच पाणी दुपारी ४२ अंशांना २० टक्के दिसते. एक थेंब ना वाढला, ना घटला. फक्त तापलेल्या हवेची पाणी धरायची ऐपत दुप्पट झाली, म्हणून टक्का निम्म्यावर आला. प्रत्यक्षात दुपारी वरची कोरडी हवा खाली मिसळते आणि पाणी थोडे कमीच होते, पण आपल्या हिशेबाला 'सकाळ-दुपार पाणी तेवढेच' हे धरून चालते.

म्हणून शेड, कूलर, पॅड यांच्या बाबतीत मी टक्के विचारतच नाही. दोन आकडे विचारतो: ओले तापमान किती, आणि एक किलो कोरड्या हवेमागे पाणी किती ग्रॅम. पहिला सांगतो पाण्याच्या जोरावर तुम्ही किती खाली जाऊ शकता, दुसरा सांगतो त्यासाठी किती पाणी मोजावे लागेल.

आता हे काढायचे कसे. सगळ्याच्या मुळाशी एकच राशी आहे, बाष्पदाब. हवेच्या एकूण दाबात पाण्याच्या वाफेचा वाटा किती, ते हा आकडा सांगतो. हवा पुरती तृप्त असताना तो जास्तीत जास्त किती असू शकतो, त्याला संपृक्त बाष्पदाब म्हणतात, आणि तो फक्त तापमानावर ठरतो. त्याचे सूत्र माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाने १८४४ मध्ये मांडले. आज जागतिक हवामान संघटना त्यातले आकडे सुधारून असे वापरते:

संपृक्त बाष्पदाब = ६.११२ × ई^[१७.६२ × त ÷ (२४३.१२ + त)]

इथे त म्हणजे तापमान सेल्सिअसमध्ये, ई म्हणजे २.७१८२८, आणि उत्तर हेक्टोपास्कलमध्ये. ज्यांना घातांकाची कटकट नको त्यांनी हे तयार आकडे वहीत उतरवून घ्यावेत. आपल्याकडच्या बहुतेक हिशेबाला एवढे पुरतात:

१८ अंश – २०.६
१९ – २१.९
२० – २३.३
२१ – २४.८
२२ – २६.४
२३ – २८.०
२४ – २९.८
२५ – ३१.६
२६ – ३३.५
२७ – ३५.६
२८ – ३७.७
२९ – ४०.०
३० – ४२.३
४० – ७३.७
४२ – ८१.९

बाष्पदाब म्हणजे संपृक्त आकडा गुणिले टक्का. ४२ अंश, २० टक्के: ८१.९ × ०.२० = १६.४ हेक्टोपास्कल. हा आकडा हाती आला की बाकी सगळे त्यातून निघते.

निरपेक्ष आर्द्रता, म्हणजे दहावीच्या विज्ञानात शिकलो ती, एका घनमीटर हवेत किती ग्रॅम वाफ:

निरपेक्ष आर्द्रता = २१६.७ × बाष्पदाब ÷ (२७३.१५ + त)

आपली हवा: २१६.७ × १६.४ ÷ ३१५.१५ = ११.३ ग्रॅम प्रति घनमीटर. डिसेंबरातली पहाट घ्या, १२ अंश आणि ७० टक्के. तिच्यात फक्त ७.५ ग्रॅम निघतात. ओठ फुटतात त्या मे महिन्यातल्या 'कोरड्या' हवेत हिवाळ्यातल्या दवभरल्या पहाटेपेक्षा दीडपट पाणी असते. टक्क्यांनी हे कधीच कळणार नाही.

दुसरी मोजणी किलोवर:

ग्रॅम प्रति किलो कोरडी हवा = ६२२ × बाष्पदाब ÷ (हवेचा दाब – बाष्पदाब)

इथे हवेचा दाब आला, आणि इथेच आपल्याकडे हमखास गडबड होते. पुस्तकातले १०१३ हेक्टोपास्कल समुद्रकाठचे. मराठवाडा पठारावर आहे. छत्रपती संभाजीनगरच्या उंचीवर दाब साधारण ९४५ धरावा, लातूरकडे ९४०, नांदेड खाली आहे तिथे ९७०. बदनापूरला ९४५ चालेल. नेमकी उंची माहीत नसेल तर दर १०० मीटरला ११ ते १२ वजा करा. फोनमधल्या हवामान ॲपवर दिसणारा १००४-१००५ हा आकडा इथे घालू नका. तो समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो, तुमच्या बांधावरचा नसतो. मे महिन्यात खरा दाब माझ्या आकड्यापेक्षा पाच-सात हेक्टोपास्कलने खाली असतो, पण त्याने उत्तर अंशाच्या विसाव्या भागानेही हलत नाही, त्यामुळे तिथे जीव टाकू नका.

६२२ × १६.४ ÷ (९४५ – १६.४) = ११.० ग्रॅम प्रति किलो.

आता ओले तापमान. तापमापकाच्या फुग्यावर ओले मलमल गुंडाळून त्यावर वारा सोडला की पाणी उडते, उडताना उष्णता ओढते, फुगा थंड होतो. जसजसा तो थंड होतो तसतशी भोवतालची गरम हवा त्याला जास्त उष्णता देऊ लागते. उडणारे पाणी जेवढी उष्णता नेते तेवढीच हवा देते, तिथे पारा थांबतो. तो आकडा म्हणजे ओले तापमान. या जमाखर्चाचे सूत्र:

बाष्पदाब = (ओल्या तापमानाचा संपृक्त बाष्पदाब) – ०.०००६६ × हवेचा दाब × (कोरडे – ओले), इथे कोरडे म्हणजे हवेचे नेहमीचे तापमान

०.०००६६ कुठून आले असे कुणी विचारले तर: हवेची विशिष्ट उष्णता १००५ जूल, तिला ०.६२२ आणि पाण्याच्या बाष्पनाची उष्णता २४,५०,००० जूल यांच्या गुणाकाराने भागा. बरोबर ०.०००६६ येतात. म्हणजे हा प्रयोगशाळेत बसून जुळवलेला आकडा नाही, साधा उष्णतेचा हिशेब आहे. पंख्याने नीट वारा मिळणाऱ्या फुग्याला तो लागू पडतो. वारा नसलेल्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाला ०.०००८ च्या आसपास धरतात.

आपल्या दाबाला ०.०००६६ × ९४५ = ०.६२४. हे एकदा काढून भिंतीवर लिहून ठेवा, पुन्हा लागत नाही.

सूत्र उलट सोडवता येत नाही, अंदाज घालून जवळ जावे लागते. आपल्याला १६.४ गाठायचे आहेत. ओले तापमान २२ धरू: २६.४ – ०.६२४ × २० = १३.९. कमी पडले. २४ धरू: २९.८ – ०.६२४ × १८ = १८.६. जास्त झाले. २३ धरू: २८.० – ०.६२४ × १९ = १६.१. अगदी जवळ. एका अंशाला साधारण अडीचचा फरक पडतोय, आपल्याला ०.३ हवेत, म्हणजे ०.१ अंश पुढे. उत्तर २३.१. दोन-तीन फेऱ्यांत काम होते, कॅल्क्युलेटर साधा असला तरी चालतो. रोजचे करायचे असेल तर एक्सेलमध्ये एका रकान्यात १५ ते ३० पर्यंत अंशाच्या दहाव्या भागाने आकडे उतरवा, शेजारी सूत्र घाला, आणि बाष्पदाबाच्या सर्वांत जवळची ओळ बघा.

तुमच्या फोनमधला कॅल्क्युलेटर बहुधा रोलंड स्टल यांचे २०११ चे सूत्र वापरत असावा. हात न लावता एका फटक्यात ओले तापमान देते म्हणून बरीच संकेतस्थळे तेच घेतात. चांगले सूत्र आहे, पण ते समुद्रसपाटीच्या दाबावर बसवलेले, आणि खूप गरम-कोरड्या हवेत थोडे वर सांगते. आपल्या ४२ अंश, २० टक्क्यांना ते २४.१ देते. खरा आकडा २३.१. म्हणजे एक अंश वर. घरच्या कुतूहलाला हरकत नाही, पॅड विकत घेताना एक अंश म्हणजे बराच पैसा आहे.

चुकीची जोडी ओळखायची एक सोपी खूण आहे. दवबिंदू काढा:

दवबिंदू = २४३.१२ × ल ÷ (१७.६२ – ल), इथे ल म्हणजे (बाष्पदाब ÷ ६.११२) चा नैसर्गिक लॉग.

४२ अंश आणि ४१ टक्के खरे मानले तर बाष्पदाब ३३.६ होतो, दवबिंदू २६, आणि घनमीटरमागे पाणी २३ ग्रॅम. आता भर पावसाळ्यातली हवा घ्या, ३० अंश आणि ७५ टक्के: दवबिंदू २५, पाणी २२.७ ग्रॅम. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी बदनापुरात जुलैपेक्षा जास्त पाणी हवेत आहे असा त्याचा अर्थ. विहिरीच्या तळाला भेगा पडलेल्या असताना? खऱ्या जोडीचा, ४२ आणि २० चा, दवबिंदू १४.४ येतो. मे महिन्याच्या दुपारचा दवबिंदू पंचविशीच्या पुढे निघाला की आकडेमोड तपासायचीच नाही, आधी आकडे कुठल्या वेळचे ते बघायचे. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या हवामान सल्ल्यात सकाळची आणि दुपारची आर्द्रता वेगळी असते. दुपारची घ्या.

आता पॅड. पॅडमधून बाहेर येणारी हवा:

पॅडमधून निघालेल्या हवेचे तापमान = कोरडे – क्षमता × (कोरडे – ओले)

नवा १५० मिलिमीटर जाडीचा सेल्युलोज पॅड, त्यातून वारा सेकंदाला १.३ मीटरच्या आसपास, तर क्षमता ८५ टक्के धरायला हरकत नाही. ४२ – ०.८५ × १८.९ = २५.९ अंश. बाजारातल्या लोखंडी कूलरचा वुड वूलचा जुना, मधे खाली बसलेला पॅड असेल तर ६५ टक्क्यांच्या वर धरू नका, हवा २९.७ ने येईल. कूलरवाल्याचे २५ हे कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. शिवाय हा झाला पॅडच्या तोंडावरचा आकडा. शेडला पत्रे असतील तर दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत हवा दोन-तीन अंश सहज तापते. पत्र्यावर दीड-दोन फूट उंचीवर शेडनेट ताणून घ्या. त्याला वीजही लागत नाही आणि पाणीही.

खरी मेख पुढे आहे आणि रेशीमवाल्यांनी ती नीट समजून घ्यावी. पाणी मारून हवा थंड करताना तिची आर्द्रता आणि तापमान तुम्हाला वेगवेगळे निवडता येत नाही. हवा एकाच ठरलेल्या उतारावरून खाली येते आणि तो उतार ओल्या तापमानाशी संपतो. किलोभर हवेत एक ग्रॅम पाणी उडाले की ती सव्वादोन ते अडीच अंश थंड होते, हे उताराचे माप. आपल्या ४२ अंश, २० टक्क्यांच्या हवेसाठी उतारावरचे टप्पे असे येतात: ३० अंशांना ५६ टक्के, २८ ला ६७, २६ ला ७९. मधला कुठलाही थांबा घेता येतो, पण '२५ अंश आणि ६५ टक्के' असा थांबा या उतारावर नाही. कितीही महागडा पॅड आणा.

उशिराच्या अवस्थेतल्या अळ्यांना २४ ते २६ अंश आणि ७० ते ७५ टक्के लागतात. त्यामुळे दुपारी २६-२७ ला, पंचाहत्तरीच्या आसपास थांबलात तरी चौथ्या-पाचव्या अवस्थेचे जमते, आणि ओलसर हवेने पालाही लवकर सुकत नाही. अडचण येते चंद्रिकेवर, म्हणजे पक्व अळ्या कोष विणायला सोडतात त्या जाळीवर. कोष विणताना २४-२५ अंश आणि ६० ते ६५ टक्के हवेत, त्यात पक्व अळी स्वतःच भरपूर पाणी बाहेर टाकते. तिथे दुपारभर ७९ टक्क्यांची हवा सोडली तर कोष पातळ आणि डागी निघतो आणि जालन्याच्या बाजारात त्याचा दर लगेच दिसतो.

मग काय करायचे? रात्रीचा हिशेब करून बघा. मे महिन्यात रात्री २७ अंश, पाणी तेच, बाष्पदाब १६.४, म्हणजे ४६ टक्के. याचे ओले तापमान १८.७. आता उतार दुसराच आहे: २५ ला ५६ टक्के, २४ ला ६१. चंद्रिकेला हवी ती हवा रात्री जवळजवळ आयती मिळते, पंप थोडा वेळ चालवला की झाले. म्हणून उन्हाळ्यात अळ्या संध्याकाळी चंद्रिकेवर जातील अशा बेताने अंडीपुंज घ्यायचा प्रयत्न करा. पहिल्या रात्रीतच विणकाम बरेच पुढे जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र २८ अंश आणि ६७ टक्के पत्करा. २६ च्या हट्टाने आर्द्रता ऐंशीला नेण्यापेक्षा दोन अंश जास्त बरे, हे माझे मत. काही जण याच्या उलट सांगतील, त्यांच्या शेडमध्ये वायुवीजन कसे आहे ते विचारा.

पाण्याचा हिशेब. तुमच्या शेडचे घनफळ ३७४ घनमीटर. तासाला १५,००० घनमीटर हवा देणारा कूलर असेल तर दीड मिनिटात शेडमधली हवा बदलते, ते ठीक आहे. एवढ्या हवेला सव्वातीन चौरस मीटर पॅड लागतो, त्यापेक्षा लहान दिला तर वाऱ्याचा वेग वाढून क्षमता पडते. पॅडआधी हवेत ११.० ग्रॅम, पॅडनंतर १७.९ ग्रॅम प्रति किलो. वाढ ६.९. पॅडनंतरच्या थंड हवेच्या एका घनमीटरमध्ये १.०७ किलो कोरडी हवा असते, म्हणजे तासाला १६,००० किलो. गुणाकार: तासाला ११० लिटर.

इथे निरपेक्ष आर्द्रतेची वजाबाकी करायचा मोह होतो: बाहेर ११.३, आत १९.२ ग्रॅम प्रति घनमीटर, फरक ७.९, गुणिले १५,०००, म्हणजे ११९ लिटर. जवळचे वाटते पण रीत चूक आहे. हवा थंड होताना आकसते, त्यामुळे आधीचा घनमीटर आणि नंतरचा घनमीटर एकाच हवेचे नसतात. किलो मात्र बदलत नाही. म्हणून हवेत पाणी साठले किती हे सांगायला घनमीटर, आणि पाण्याचा जमाखर्च मांडायला किलो.

११० लिटर हे फक्त उडणारे पाणी. आपल्याकडे बोअरचे पाणी जड, आणि उडते ते शुद्ध पाणी. क्षार सगळे टाकीत उरतात. उडालेल्या पाण्याच्या एक तृतीयांश पाणी सतत सोडून दिले तर टाकीतले क्षार मूळ पाण्याच्या चौपटीवर थांबतात. तेवढे नाही सोडले तर दोन हंगामांत पॅडवर पांढरी साय धरून तो दगड होतो आणि मग ८५ टक्के कागदावरच राहतात. दिवसाला आठ तास धरले तर उडालेले आणि सोडलेले मिळून सुमारे १,२०० लिटर. सोडलेले पाणी मे महिन्यात वाया कसे घालवायचे हा प्रश्न रास्त आहे. ते शेडभोवतीच्या जमिनीवर मारा, तुतीच्या मुळाशी रोज त्याच ठिकाणी नको. शेततळे असेल तर मे महिन्याची बॅच घ्या. टँकर विकत घेऊन पॅड चालवायचा असेल तर घेऊ नका, कोषाच्या भावात ते बसत नाही.

टाकीत बर्फ टाकणाऱ्यांसाठी दोन ओळी. एक किलो बर्फ वितळून २३ अंशांना येईपर्यंत साधारण ४३० किलोजूल घेतो. एक किलो पाणी उडताना २,४५० किलोजूल नेते. बर्फाची लादी आणण्यापेक्षा पॅडचा कोरडा राहिलेला कोपरा ओला करा. पाणी फिरते असेल तर टाकीतले पाणी तासाभरात आपोआप ओल्या तापमानाजवळ येऊन थांबते, भरताना ते गरम होते की गार याने काही बिघडत नाही.

जुलै. ३० अंश, ७५ टक्के: बाष्पदाब ३१.८, ओले तापमान २६.३, पाणी २१.६ ग्रॅम प्रति किलो. पॅडमधून हवा २६.९ ने येईल आणि तिची आर्द्रता ९५ टक्के असेल. तीन अंशांसाठी ९५ टक्के! त्यात अळ्यांना मारणारी मस्करडाइनची बुरशी सगळ्या रॅकवर पसरते. पावसाळ्यात पंप बंद, फक्त पंखे, बेडवर चुना, खिडक्या उघड्या. या हवेतून पाणी काढायचे असेल तर एसीचे गार कॉइल लागते, पाणी मारून पाणी कमी होत नाही.

आता मोजायचे कसे. तीन-चारशे रुपयांचे डिजिटल आर्द्रतामापक पाच टक्क्यांनी इकडेतिकडे असतात. पावसाळ्यात ते खपून जाते. ४२ अंशांना मात्र १५ टक्के आणि २५ टक्के यांच्या ओल्या तापमानात साडेतीन अंशांचा फरक आहे: २१.३ आणि २४.८. म्हणजे उन्हाळ्यात, नेमके जेव्हा गरज असते तेव्हा, टक्क्यांवरून काढलेल्या ओल्या तापमानावर विसंबता येत नाही. उलट करा. ओले तापमान थेट मोजा आणि टक्के त्यातून काढा.

शाळेला साहित्य पुरवणाऱ्या दुकानातून काचेचे दोन सारखे तापमापक घ्या. आधी दोन्ही एका बादलीत बुडवून सारखा आकडा दाखवतात का बघा, अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर बदलून घ्या. एकाच्या फुग्यावर धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीचा एकच पदर गुंडाळा आणि दोऱ्याने बांधा. पाणी बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड घ्या, बोअरचे नको, क्षार बसले की आकडा वर चढतो. पाणी हवेच्याच तापमानाचे असू द्या. सावलीत, माणसांपासून आणि ओल्या जमिनीपासून दूर, टेबल पंख्यासमोर धरा. वारा सेकंदाला तीन मीटर तरी हवा. तीन-चार मिनिटे पारा खाली जात राहतो, मग थांबतो. थांबलेला सर्वांत खालचा आकडा टिपा. पुढे मलमल सुकू लागली की पारा पुन्हा वर चढतो, तो आकडा नको.

समजा कोरडा ४० आणि ओला २२.५ आला. २२.५ चा संपृक्त बाष्पदाब २७.२. त्यातून ०.६२४ × १७.५ = १०.९ वजा केले, १६.३ उरले. १६.३ ÷ ७३.७ = २२ टक्के. किलोमागे १०.९ ग्रॅम. एका ओळीत सगळे निघाले, अंदाज घालायची गरजही पडली नाही.

एक गोष्ट प्रश्नात नव्हती, तरी अलीकडे फार विचारतात म्हणून. बातम्यांत येणारी ३५ अंश ओल्या तापमानाची माणसाची मर्यादा २०१० मध्ये सैद्धांतिक म्हणून मांडली गेली. २०२२ मध्ये अमेरिकेत तरुण, धडधाकट माणसांवर झालेल्या प्रयोगांत दमट हवेत ही मर्यादा ३०-३१ ला, आणि गरम-कोरड्या हवेत तर २५ ते २८ लाच दिसली. त्यामुळे 'आपले ओले तापमान तर तेवीसच आहे' म्हणून दुपारी बाराला पाला तोडायला बाई-माणूस शेतात पाठवू नका. उन्हात काम करणाऱ्यांसाठी वापरतात तो निर्देशांक वेगळा आहे, त्यात ओल्या तापमानासोबत काळ्या गोळ्याचे, म्हणजे उन्हाच्या झळीचे तापमानही धरतात.

तुमच्या पॅडची क्षमता मात्र कुणाच्या माहितीपत्रकावरून घेऊ नका. दुपारी तीनला बाहेर कोरडे आणि ओले, आणि पॅडच्या आतल्या बाजूला हातभर अंतरावर फक्त कोरडे तापमान मोजा. बाहेरचे कोरडे वजा आतले, भागिले बाहेरचे कोरडे वजा ओले. हंगामाच्या सुरुवातीला ०.८५ आले आणि महिन्याने ०.७० वर उतरले, तर पॅड धुवा, वरच्या पाइपची भोके तारेने मोकळी करा आणि टाकीतून सोडायचे पाणी वाढवा.